परदेशातला पहिला थीम पार्क, तोही कमी बजेटात : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात विचारलं होतं की यंदा परदेशात पहिल्यांदा कोण निघालंय आणि नेमकं कुठे अडलंय, तर बहुतेक पत्रं थीम पार्कबद्दलच आली. पोरांनी मोबाईलवर बघितलेलं असतं, जेवताना विषय निघतो, आईबाबांनाही मनातून जायचंच असतं आणि मग गाडी येऊन पैशाशी थांबते. पत्रं रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातली जास्त आहेत म्हणून उत्तरंही इथूनच निघणाऱ्यांना धरून दिलीयेत. काही पत्रं छोटी केलीत, नावं छापत नाही.

ताई, आम्ही देवगड तालुक्यातले. मी शाळेत शिक्षिका, मिस्टरांची आंब्याची कलमं आहेत. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. भिशीचे आणि एक एफडी मोडून दोन-सव्वादोन लाख होतायत, त्यातच सगळं बसवायचंय. एजंट म्हणतो एवढे लांब जाताय तर सिंगापूर-मलेशिया-थायलंड सात दिवसांत करून या. आम्हाला शनिवार-रविवार धरून चार दिवसच जमतायत आणि मुलांना फक्त पार्क बघायचाय. कुठला निवडू?

एक देश, एक पार्क. एवढंच करा पण ते नीट करा. तीन देशांच्या त्या पॅकेजमध्ये निम्मा वेळ एअरपोर्ट आणि बसमध्ये जातो आणि पार्कचा म्हणून जो दिवस लिहिलेला असतो तो अर्धाच असतो, सकाळी सिटी टूर करून साडेअकरा-बाराला गेटवर सोडणार आणि पाच वाजले की बस निघाली चला चला सुरू. पाच वर्षांच्या पोराला देश किती झाले याच्याशी काही देणंघेणं नाही हो, त्याला आवडलेली राईड परत करायची असते, आणि परत करायला मिळाली की त्याचा चेहरा बघा, पैसे वसूल तिथे होतात. म्हणून हात आखडता घ्यायचा तर तो शहरांत, शॉपिंगमध्ये, हॉटेलच्या स्टारमध्ये घ्या, पार्कच्या दिवसाला हात लावू नका.

आता कुठला ते. मुंबईहून पाच-सहा तासांच्या विमानात तुमच्या बजेटजवळ जाणारी तीन ठिकाणं आहेत.

सगळ्यात स्वस्त पडेल ते क्वालालंपूर. मलेशियाला आपल्याला ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत व्हिसाच लागत नाही, ३० दिवसांपर्यंत राहता येतं, फक्त पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत एमडीएसी नावाचा ऑनलाईन फॉर्म भरायचा, तोही फुकट. चौघांचे व्हिसाचे पैसे वाचले म्हणजे एका रात्रीचं हॉटेल निघालं असं समजा. तिथून वर डोंगरावर गेंटिंग स्कायवर्ल्ड्स आहे, २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झालेला पार्क, शहरातून बस जाते आणि शेवटचा टप्पा केबल कारने, मुलांना ती केबल कारच पार्काएवढी आवडते. हवा आपल्या आंबोलीसारखी, थंड आणि धुक्याची, त्यामुळे स्वेटर लागेल, आणि पाऊस-विजा आल्या की बाहेरच्या राईड बंद करतात हे धरूनच जा.

दुसरं सिंगापूर, सेंटोसा बेटावरचं युनिव्हर्सल स्टुडिओज. पार्क आटोपशीर आहे, एका दिवसात सगळा होतो, २०२५ च्या फेब्रुवारीत मिनियन लँड सुरू झाल्यापासून लहानांनाही तिथे करण्यासारखं वाढलंय. पण व्हिसा लागतो, सरकारी फी माणशी ३० सिंगापूर डॉलर आणि वर एजंटचा चार्ज, पार्कचं तिकीट मोठ्यांना ८० डॉलरच्या वर, आणि हॉटेलं तिन्ही ठिकाणांत महाग.

तिसरं हाँगकाँग. डिस्नीलँड म्हटल्यावर पोरांच्या डोळ्यासमोर जो किल्ला येतो तो आपल्याला बऱ्यापैकी जवळ कुठे असेल तर इथे. १२ सप्टेंबर २००५ ला उघडलं, २०२३ च्या नोव्हेंबरपासून तिथे फ्रोझन सिनेमातलं अख्खं गाव आहे, जगातलं पहिलं. मेट्रोची वेगळी लाईन थेट पार्कच्या दारात जाते आणि त्या गाडीच्या खिडक्यासुद्धा मिकीच्या डोक्याच्या आकाराच्या आहेत, म्हणजे पोरांची मजा स्टेशनपासूनच सुरू. भारतीयांना आधी प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन करावं लागतं, ऑनलाईन, फुकट, सहा महिने चालतं आणि एका वेळी १४ दिवस राहता येतं. त्याची प्रिंट काढून पासपोर्टमध्ये ठेवा. हॉटेलच्या खोल्या मात्र इवल्याशा असतात, दोन बॅगा उघडल्या की चालायला जागा नाही, हे मनाची तयारी करून जा.

तुमचा मुलगा पाच वर्षांचा आहे म्हणून मी हाँगकाँग म्हणेन, आणि त्याचं कारण उंची. हे कुणी एजंट सांगत नाही. सिंगापूरच्या युनिव्हर्सलमध्ये ट्रान्सफॉर्मर्सला किमान १०२ सेंटिमीटर लागतात, ममीच्या राईडला १२२, बॅटलस्टार गॅलॅक्टिका या मोठ्या कोस्टरला १२५. राईडच्या तोंडाशी एक मापाची पट्टी असते, पोराला तिच्याखाली उभं करतात, डोकं टेकलं तर आत नाहीतर नाही, तिथे रडून, विनवून, दोन बोटंच कमी आहेत हो म्हणून काही होत नाही, आणि तो स्टाफ बरोबरच असतो कारण ती पट्टी सीटच्या बेल्टसाठी आहे. पाऊण तास रांगेत उभं राहून शेवटच्या वळणावर परत फिरलेलं पोर बघवत नाही, दिवसभर मग त्याचं तोंड उतरलेलंच राहतं. तर आजच घरी दाराच्या चौकटीला पाठ लावून दोघांना उभं करा, डोक्यावर पुस्तक आडवं धरा, पेन्सिलने खूण करा, टेपने मोजा, आणि मग पार्कच्या वेबसाईटवर प्रत्येक राईडची उंची बघत त्याच्या किती आणि तिच्या किती अशी यादी करा. धाकट्याच्या यादीत पाच-सहाच राईड निघत असतील तर तो पार्क दोन-तीन वर्षांनी करा. डिस्नीत बऱ्याच राईडना उंचीची अटच नाही, चौघं एकत्र बसता, आणि पहिल्या वेळी एकत्र बसणं महत्त्वाचं.

आता कधी. फेब्रुवारी ते मे तुमचा आंबा, मिस्टर हलणार नाहीत. गणपतीत कोण कोकण सोडून जातं. राहिली दिवाळीची सुट्टी, तर भाऊबीज होऊ द्या आणि सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात निघा, ऐन दिवाळीच्या आठवड्यापेक्षा विमान बरंच उतरलेलं असतं. हाँगकाँगची हवाही ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळ्यात छान, कोरडी. फक्त ऑक्टोबरचा पहिला आठवडा चीनची मोठी सुट्टी असते, तो टाळा. आणि शनिवार-रविवार जमतोय म्हणून पार्कही शनिवारीच करायचा असं करू नका, उलट करा, शुक्रवारी रात्री मुंबईहून निघा, शनिवारी पोचून झोपा, घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं त्यामुळे मुलं पहिल्या दिवशी पेंगतातच, रविवारी शहर बघा, सोमवारी पार्क, मंगळवारी परत. डिस्नीचं तिकीट दिवसाप्रमाणे कमीजास्त असतं, साध्या वारी स्वस्त मिळतं आणि रांगाही कमी. सकाळी गेट उघडायच्या अर्धा तास आधी दारात उभे राहा, पहिल्या दीड तासात जेवढ्या राईड होतात तेवढ्या दुपारी चार तासांत होत नाहीत.

आणि एक, हिशोब मुंबई एअरपोर्टपासून मांडू नका, घराच्या पायरीपासून मांडा. कणकवलीपर्यंतची गाडी, कोकण रेल्वे, मुंबईतली एक रात्र, एअरपोर्टची टॅक्सी आणि हे सगळं परत येताना पुन्हा एकदा. चौघांचं मिळून सहज आठ-दहा हजारांवर जातं आणि पॅकेजच्या कागदावर त्यातला रुपया नसतो. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधीच उघडतं तेव्हा विमानाची तारीख ठरली की तो दिवस कॅलेंडरवर लाल करून ठेवा. मंगळवारी दिवसा उतरणार असाल तर परतीची रात्रीची गाडी घ्या, विमान दोन तास लेट झालं तरी चुकायची नाही.

पैसे थोडे कमी पडतायत. ट्रिप ईएमआयवर करून घ्यावी का? ट्रॅव्हलवाले बिनव्याजी म्हणतायत. – अलिबाग

नको. मनापासून सांगते, नको. परत आल्यावर वर्षभर हप्ता जात राहतो आणि मधे शाळेची फी आली की त्याच ट्रिपवरून घरात भांडण होतं. सहा महिने पुढे ढकला. तोपर्यंत एक दिवस खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जाऊन या, तुमच्यापासून लांब नाही, २०१३ पासून चालू आहे आणि नायट्रोसारखी मोठी कोस्टर आहे तिथे. घरात कुणाला उंचीची भीती वाटते, कुणाला गरगरतं, बारा वाजता कोण थकतं, हे सगळं तिथे एका दिवसात कळतं आणि ते कळलं की परदेशातलं तिकीट कुठल्या पार्कचं काढायचं ते आपोआप ठरतं. आणि पॅकेज घेताना टीसीएस म्हणून, म्हणजे आगाऊ टॅक्सचे, वेगळे पैसे कापतात, ते खर्चात गेले असं समजू नका, इन्कम टॅक्स रिटर्न भरलंत की ते तुमच्या टॅक्समध्ये वळते होतात नाहीतर परत मिळतात, पण रिटर्न भरायला हवं आणि पैसे अडकतात तेवढे महिने धरायला हवेत.

आमची मासेमारीची होडी आहे, हर्णैला. जून-जुलै बंदी असते तेव्हाच आम्ही मोकळे. बायको म्हणते पावसात कुठे विमानं पकडताय. मुलं आठवी आणि पाचवीला, दोघांना राईडचं वेड आहे. पावसाळ्यात जावं की नाही? पासपोर्ट पण अजून काढायचेत.

जावं की! बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, त्यातले जूनचे पहिले दोन आठवडे मुलांची शाळा पण सुरू झालेली नसते, तुमच्या घराला याच्यापेक्षा चांगला वेळ वर्षात दुसरा नाही. फक्त कुठे जाताय ते बघून घ्या. सिंगापूरच्या शाळांना अख्खा जून सुट्टी असते, म्हणजे युनिव्हर्सलला गर्दी. हाँगकाँगच्या शाळा तेव्हा चालू असतात, तिथे मधल्या वारी पार्क मोकळा मिळतो पण उकाडा खूप आणि पाऊस, शिवाय वादळाचा सीझन सुरू झालेला असतो. वादळाचा आठ नंबरचा इशारा लागला की पार्क बंद. तुम्हाला हे इशारे नवीन नाहीत, बंदरावर बावटा लागला की होडी काढत नाही तसंच तिथे सगळं शहर थांबतं. म्हणून पार्कचा दिवस ट्रिपच्या शेवटी ठेवू नका, मधे ठेवा, एक दिवस हुकला तर दुसरा हाताशी राहील, आणि तिकिटाची तारीख बदलता येते का ते घेतानाच वाचा.

तुमची मुलं मोठी आहेत, उंचीची अडचण नाही, त्यामुळे मलेशियाचा पण विचार करा, व्हिसा नाही आणि क्वालालंपूरच्या बाजूला सनवे लगून म्हणून पार्क आहे, त्यात पाण्याच्या आणि कोरड्या राईड एकाच तिकिटात. शहरातून मेट्रो आणि बस बदलून जाता येतं, टॅक्सी लागत नाही. पाऊस पडला तरी पाण्यातल्या पोराला काय फरक पडतोय, विजा चमकल्या की तेवढ्यापुरतं बाहेर काढतात.

खरी काळजी तिकडच्या पावसाची नाही, आपल्या पावसाची करा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्या हळू चालतात, घाटात दरड आली तर रस्ता पण अडतो. खेडहून गाडी पकडून त्याच रात्रीचं विमान गाठू असं बिलकुल करू नका. एक अख्खा दिवस आधी मुंबईत पोचा, डोंबिवली-विरारला कुणीतरी चाकरमानी असतोच, त्याच्याकडे मुक्काम करा. बुकिंग करतानाच ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्या, चौघांचा मिळून फार होत नाही. रेनकोट घरूनच न्या, पार्कात पातळ प्लॅस्टिकचा झगा देतात आणि त्याचे पैसे ऐकून राग येतो. पायात बूट नकोत, मागे पट्टा असलेली सँडल घाला, भिजलेल्या बुटात दिवसभर चालून पोरांच्या पायाला फोड येतात आणि चपला राईडवर काढायला लावतात.

पासपोर्टचं आजच सुरू करा. ३६ पानी पासपोर्टची फी मोठ्यांना १,५०० रुपये, मुलांना १,०००, आणि मुलांचा पाच वर्षंच चालतो. मुलांच्या अर्जाला आईबाप दोघांची संमती लागते, तेव्हा समुद्रावर जायच्या आधी संमतीवर तुमची सही झालेली असू द्या, नाहीतर बायकोची फेरी फुकट जाईल. आधार, शाळेचा दाखला, जन्मदाखला यात नावाचं स्पेलिंग एक आहे का ते आधी बघा, आपल्याकडे वडिलांचं नाव एका कागदावर पूर्ण आणि दुसऱ्यावर नुसतं अक्षर असं फार असतं आणि तिथेच दोन-दोन महिने जातात. विमानाचं तिकीट पासपोर्ट हातात आल्याशिवाय काढू नका, कितीही स्वस्त दिसलं तरी.

मी मंडणगडची. मिस्टर शारजाला कामाला आहेत, चौघांत रूम शेअर करतात. मे महिन्यात मी आणि सात वर्षांची मुलगी चार दिवस जाणार आहोत. मुलीने बाबांबरोबर एक तरी मोठा पार्क बघावा असं फार वाटतं. कुठला परवडेल?

मे मध्ये तिकडे ऊन म्हणजे काही विचारू नका, तेव्हा छताखालचा, एसी पार्क घ्या. दोन आहेत. दुबईत आयएमजी वर्ल्ड्स, २०१६ पासून चालू, त्यात कार्टून नेटवर्क आणि मार्व्हलचे भाग आणि डायनासोरचा एक. दुसरा अबू धाबीला यास बेटावर वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड, २०१८ चा, तिथे टॉम अँड जेरी, बग्ज बनी, बॅटमॅन. सात वर्षांच्या मुलीला दुसरा जास्त आवडेल असं मला वाटतं, चित्रातल्या गल्ल्या खऱ्या केल्यासारख्या आहेत आणि लहान राईड भरपूर. पण तुमच्याकडे दिवस चार आणि मिस्टरांना सुट्टी बहुतेक एकच मिळणार, म्हणून आयएमजीच घ्या. शारजाहून जो शेख मोहम्मद बिन झायेद रोड निघतो त्याच रस्त्यावर आहे, जाण्यायेण्यात दिवस जात नाही. अबू धाबीला सरकारी बस आहे, स्वस्त आहे, पण शारजाहून बस बदलत बदलत यास बेट गाठायचं, असं करत मुलगी गेटवर पोचेपर्यंत झोपलेली असेल.

फेरारी वर्ल्डचं नाव ऐकाल, ती २४० किलोमीटर वेगाची कोस्टर वगैरे, ते मोठ्यांचं आहे, तिच्यासाठी त्याचे पैसे घालू नका.

व्हिजिट व्हिसा आधीच काढून जावा लागतो, मिस्टरांना तिथल्या ऑफिसात विचारायला सांगा की त्यांच्या नावावर निघतो का, नाहीतर एअरलाईन किंवा एजंटकडून. मुक्कामाला रूमवर सोय होणार नाही तर हॉटेल शारजातच घ्या, दुबईपेक्षा स्वस्त पडतं, फक्त संध्याकाळी दुबईहून शारजाकडे येणाऱ्या रस्त्याला प्रचंड ट्रॅफिक असतं, पार्कातून थोडं उशिरा निघालात तर उलट लवकर पोचाल. आणि मिस्टरांनी रजा शक्यतो मधल्या वारी टाकावी. वर्षभर लांब राहणाऱ्या बाबाला मुलीबरोबर एक पूर्ण दिवस मिळतोय, तो रांगेत जाऊ नये. पुढे कधी रमजानच्या महिन्यात गेलात तर पार्कांच्या वेळा बदललेल्या असतात, तारखा ठरवायच्या आधी बघा.

ताई, मी कुडाळचा, वय २४. आम्ही तीन मित्र ऑक्टोबरमध्ये सिंगापूरला युनिव्हर्सल करायला जातोय, तीन रात्री. हॉस्टेलवर राहू. एक्सप्रेस पास घ्यावा का? आणि पैसे कॅश न्यावे की कार्ड?

एक्सप्रेस पास म्हणजे जादा पैसे देऊन छोट्या रांगेतून जाणं, तो घेऊ नकोस, सोमवार ते गुरुवार जा आणि सिंगल रायडरच्या रांगेत उभे राहा. ज्या राईडना ती रांग आहे तिथे रिकाम्या राहिलेल्या एकेका सीटवर बसवतात, तिघं वेगवेगळे बसाल पण वेळ खूप वाचतो, आणि राईडवर ओरडताना शेजारी कोण आहे याने काय फरक पडतो. बॅटलस्टार गॅलॅक्टिकाला खिशातलं सगळं लॉकरमध्ये ठेवायला लावतात, मोबाईल पण, तेव्हा बॅग न नेता कमी सामानात जा.

ऑक्टोबर म्हणतोयस तर एक नक्की तपास. सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत काही संध्याकाळी तिथे हॅलोविनचा वेगळ्या तिकिटाचा कार्यक्रम असतो आणि त्या दिवशी नेहमीचा पार्क लवकर बंद होतो. तेवढेच पैसे देऊन दोन-तीन तास कमी कशाला घ्यायचे, कॅलेंडर बघून दुसरा दिवस धर.

बेटावर जायला मोनोरेलचे ४ डॉलर पडतात पण व्हिवोसिटी मॉलच्या खालून बोर्डवॉकने चालत गेलं तर फुकट आणि दहा-पंधरा मिनिटांत गेटवर, परत येताना मोनोरेलला पैसे नाहीत. नळाचं पाणी पिण्यासारखं असतं, बाटली घेऊन जा. संध्याकाळी गार्डन्स बाय द बेचा लाईट शो फुकट आहे, एअरपोर्टवरचा ज्वेल मॉलमधला ४० मीटरचा धबधबा पण फुकट, आपल्या सावडाव-आंबोलीचं पाणी बघितलेल्याला सुद्धा तो आवडतो, बघून घे. राहायला लिटल इंडिया बघ, जेवणाचा प्रश्न तिथेच मिटतो.

पैशाचं असं, की आपल्या साध्या कार्डावर परदेशात तीन-साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे चलन बदलायचा जादा चार्ज, आणि त्यावर जीएसटी लागतो, तो शून्य असलेली कार्डंही मिळतात, निघायच्या महिनाभर आधी तुझ्या बँकेत विचार, तिथे परदेशातला वापर चालू करून घ्यावा लागतो तो पण कर. थोडी कॅश, बाकी कार्ड. आणि दुकानातल्या मशीनवर रुपयात घेऊ की सिंगापूर डॉलरमध्ये असं विचारलं की नेहमी डॉलर दाब, रुपयात दाबलंस की रेट ते लावतात आणि तो तुझ्या फायद्याचा नसतो. मेट्रोला कार्ड टॅप करून जाता येतं.

अरायव्हल कार्ड पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत सरकारी साईटवर फुकट भरायचं, गुगलवर वर येणाऱ्या काही साईट त्याचेच पैसे घेतात, त्यांना बळी पडू नकोस. ई-सिगारेट, वेप कुणाकडे असेल तर घरीच ठेवा, तिथे कायद्याने बंदी आहे. च्युइंगम पण नेऊ नका. कुडाळहून गोव्याचं मोपा एअरपोर्ट जवळ पडतं म्हणून तिथूनचं भाडं पण बघ, पण तिथून विमान बदलून जावं लागत असेल तर बॅगेचे आणि मधल्या मुक्कामाचे तास धरून मग मुंबईशी तुलना कर. तिघांत चेक-इनची एकच बॅग घ्या, बाकी सात-सात किलो हातात.

माका सून म्हणता आई तुम्ही पण चला हाँगकाँगाक. नातवाक डिस्नीलँड बघूचा आसा. माझा वय अडुसष्ट, गुडघे दुखतत. मी जाऊन काय करतलंय? माझे पैसे फुकट जातले. – वेंगुर्ले

आजी, जा! सुनेने स्वतःहून म्हटलंय ना, मग पैसे फुकट कसे जातील. हाँगकाँगच्या डिस्नीत ज्येष्ठांचं तिकीट मोठ्यांच्या मानाने खूप स्वस्त असतं, आणि करण्यासारखं तुमच्यासाठी पुष्कळ आहे. पार्काला फेरी मारणारी आगगाडी आहे, बाहुल्यांमधून हळूहळू जाणारी होडी आहे, बसून बघायचे नाटकाचे खेळ आहेत, रात्री किल्ल्यावर रोषणाई. नातू मोठ्या राईडवर गेला की तुम्ही सावलीत बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना बघा, तेही छान वाटतं. व्हीलचेअर पार्कात भाड्याने मिळते, ती घ्यायला लाजू नका, तिथे दिवसभरात चालणं फार होतं आणि चांगली चालती माणसंही संध्याकाळी बसून जातात. विमानतळावरची व्हीलचेअर तिकीट काढतानाच मुलाला मागायला सांगा, तिचे पैसे पडत नाहीत, आणि इमिग्रेशनच्या लांब रांगेतून सुटका होते. पासपोर्ट नवा काढायचा असेल तर साठीच्या वरच्यांना फीमध्ये दहा टक्के सूट आहे. आतापासून रोज संध्याकाळी बंदरापर्यंत थोडं थोडं चालायला लागा, डॉक्टरांना गुडघे दाखवून घ्या आणि गोळ्यांची चिठ्ठी इंग्रजीत लिहून घ्या, गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरू नका, आहे त्या पाकिटातच न्या.

खाऊ नक्की न्या, नातवाला तिकडचं नाही आवडलं तर तुमचे लाडू आणि खाजाच कामाला येणार. पण यात एक गोष्ट सांभाळायची, आणि ही सगळ्याच वाचकांसाठी. खसखस घातलेलं काही नेऊ नका. सिंगापूर आणि दुबईत खसखस अंमली पदार्थात धरतात, थोडीशी असली तरी. आपल्या करंजीच्या सारणात खसखस असते, अनारशावर असते, बऱ्याच घरांत मालवणी मसाल्यात पण असते, त्यामुळे सुनेने मसाल्याची पुडी बॅगेत टाकलीन तर कशाकशाची आहे ते विचारा. हाँगकाँगला जाताय पण विमान सिंगापूरला थांबणारं निघालं तर तिथलेच नियम लागले, तेव्हा करंज्या खसखशीशिवायच करा. आणि मिश्री लावायची सवय असेल तर, सिंगापूरला तंबाखूची मिश्री, खायची तंबाखू काहीच चालत नाही, डबी घरी ठेवूनच निघायचं. नारळाच्या वड्या बिनधास्त न्या, फक्त हातातल्या बॅगेत वर ठेवा, नातू विमानातच मागेल.